खालचा बंकर आधी का भरतो : पुण्याजवळच्या एका गोल्फ ग्रीनच्या निचऱ्याचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिमेला, डोंगरउतारावर वसवलेल्या अठरा होलांच्या एका गोल्फ कोर्सवर हे काम झालं. छोट्या, पार-थ्री (तीन फटक्यांत संपावा अशा) होलचं एक ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, आणि त्याच्याभोवती तीन बंकर, म्हणजे मुद्दाम केलेले वाळूचे खड्डे. माळी लोक त्यांना वरचा, खालचा आणि मागचा म्हणतात. इथेही तीच नावं ठेवतो. वरचा टेकडीच्या अंगाला, मुरूम कापून काढलेला. खालचा ग्रीनच्या पुढ्यात, पूर्वी शेत होतं त्या काळ्या मातीत. मागचा भराव टाकून केलेल्या बांधात.

कमिटीची तक्रार तीन पदरी होती. खालच्या बंकरमध्ये जुलैत दोन-दोन दिवस पाणी साचतं. वरच्याची वाळू प्रत्येक मोठ्या सरीत घसरून तळाशी येते, आणि मग चार माणसं घमेली-फावडी घेऊन अर्धी सकाळ ती परत चढवत बसतात. आणि तिन्हीकडची वाळू वर्षागणिक तांबूस-काळपट होत चालली आहे. उपायही कमिटीने ठरवूनच ठेवला होता : एका सभासदाने परदेशात पाहिलेलं महागडं लायनर, म्हणजे वाळू आणि खालची माती यांच्यामधलं अस्तर, तिन्ही बंकरांत बसवायचं. मला विचारणा आली ती "कोणत्या कंपनीचं घ्यावं" एवढ्यापुरती.

बंकर ही मुळात अडचण म्हणूनच बांधलेली जागा, तिथे पाणी साचलं तर एवढा गहजब कशाला, असं गोल्फ न खेळणाऱ्याला वाटेल. मलाही आधी वाटायचं. पण नियम पाहा. २०१९ पासूनच्या नियमांनुसार बंकरमध्ये तात्पुरतं पाणी असेल तर चेंडू बंकरच्या आतच कोरड्या जागी दंडाशिवाय ठेवता येतो. तशी जागा नसली तर त्यातल्या त्यात कमी पाण्याच्या जागी. बंकरबाहेर काढायचा असेल तर एका फटक्याचा दंड. म्हणजे बंकर काठोकाठ भरलेला असला तर खेळाडूने पाण्यात उभं राहायचं किंवा फटका गमवायचा. पावसाळी स्पर्धेत यावरून भांडणं होतात आणि ती शेवटी सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे कोर्सची देखभाल पाहणाऱ्या प्रमुखाच्या, टेबलावर येतात.

दोन तक्रारी, दोन वेगळे पाऊस

वाळू वाहून जाणं आणि पाणी तुंबणं या दोन गोष्टी कमिटीच्या पत्रात एकाच वाक्यात होत्या. प्रत्यक्षात त्यांचा पाऊसही वेगळा आणि कारणही वेगळं.

पुण्यात शिवाजीनगरला वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिमेला सरकाल तसा तो वाढत जातो. पण बंकरला वर्षाच्या बेरजेशी देणंघेणं नसतं. मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस तासाभरात कोसळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. असा पाऊस उतारावरची वाळू घेऊन जातो. जुलैतली रिपरिप वाळू हलवत नाही. ती दिवसचे दिवस चालते, खालची माती संपृक्त करते आणि तळाचा निचरा कुठे अडलाय ते दाखवून देते. वाहून जाणं हा उताराचा आणि वेगाचा प्रश्न आहे, तुंबणं हा खालच्या पाइपचा आणि खडीचा. लायनर पहिल्यात थोडी मदत करतं, दुसऱ्यात जवळजवळ नाही.

म्हणून कंपनी निवडण्याआधी खड्डे खणायचं ठरलं.

खड्ड्यात काय निघालं

खालच्या बंकरच्या तळाशी पहिला खड्डा घेतला. वर चार बोटं ओली वाळू, त्याखाली काळा, साबणासारखा गुळगुळीत गाळाचा थर, आणि त्याखाली जुनं नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं न विणलेलं कापड. कापड धुऊन उन्हाकडे धरलं तर जागोजाग भोकं. लोखंडी दंताळ्याचे दात लागून पडलेली. जिथे भोकं नव्हती तिथे कापडाचे धागे चिकणमातीने इतके भरले होते की वर ओतलेलं तांब्याभर पाणी तसंच उभं राहिलं. म्हणजे एकाच कापडात दोन्ही दोष : नको तिथे माती वर येऊ देत होतं आणि हवं तिथे पाणी खाली जाऊ देत नव्हतं.

कापडाखाली चर सापडला. त्यात चार इंची नालीदार सच्छिद्र पाइप, आणि पाइपवर पायमोज्यासारखी कापडी खोळ चढवलेली. ही खोळ ज्याने घातली त्याने चांगल्या हेतूनेच घातली असणार. पाइपमध्ये माती जाऊ नये म्हणून. पण काळ्या मातीचे कण इतके सूक्ष्म की ते खोळीवर लेपासारखे बसतात आणि पाइप आतून स्वच्छ राहूनही कोरडाच राहतो. आमचा पाइप आतून नव्यासारखा होता! चरातली खडीही धुतलेली नव्हती. क्रशरची भुकटी तिच्यावर तशीच होती आणि पाण्याबरोबर खाली उतरून तिने चराचा तळ सिमेंटसारखा बांधून टाकला होता.

पाइपला लेव्हल लावली. कागदावर एक टक्का उतार होता. जमिनीत पहिले सहा-सात मीटर उतार बरोबर, पुढे पाइप जवळजवळ सपाट आणि एका ठिकाणी चक्क उलटा. आणि शेवटचं तोंड? ते सापडेना. नकाशात ते तळ्याच्या काठावर दाखवलं होतं. शेवटी मुकादम मामांनी पहार घेऊन गवतात टोचत टोचत शोधलं. वीतभर मातीखाली गाडलं गेलेलं, वर गवताचा जाड गालिचा.

तेव्हाच मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही खाली उकरताय. पाणी खालून नाही येत, वरून येतंय. पावसात एकदा इथं उभं राहून बघा, गाडीरस्ता ओढ्यासारखा वाहतो."

मामांचं बोलणं खरं की नाही हे पाहायला आकडेमोड पुरेशी होती. खालच्या बंकरचं क्षेत्रफळ साधारण १२० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर वेगाचा पाऊस धरला, तर बंकरच्या स्वतःच्या अंगावर तासाला ६,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेदोन लिटर. एक टक्का उताराचा चार इंची नालीदार पाइप पूर्ण वाहिला तर सेकंदाला चारेक लिटर नेतो. तेवढ्यापुरता तो पाइप भरपूर आहे. पण टेकडीचा उतार आणि गाडीरस्त्याचा डांबरी पट्टा मिळून सुमारे ९०० चौरस मीटरचं पाणी त्याच बंकरकडे वळलेलं होतं. त्यातलं निम्मं मुरलं असं मानलं तरी उरलेलं सेकंदाला सव्वासहा लिटर होतं. दोन्ही मिळून आठ. पाइप नवा, सरळ आणि स्वच्छ असता तरी हा बंकर भरलाच असता.

जगातलं कोणतंही लायनर या आठ लिटरांचे चार करू शकत नाही. कमिटीच्या बैठकीत मी हा एकच आकडा फळ्यावर लिहिला. कर्नलसाहेब, म्हणजे ज्यांनी परदेशातलं लायनर पाहिलं होतं ते, काही वेळ फळ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आधी शेजाऱ्याचं पाणी थांबवायचं." बरोबर तेच.

बाहेरचं पाणी

हा भाग कामात सगळ्यात स्वस्त आणि परिणामाने सगळ्यात मोठा होता, पण लिहिण्यासारखं त्यात फार नाही. बंकरच्या वरच्या अंगाला, काठापासून काही अंतर सोडून, गवताचा एक उथळ रुंद पाट काढला. तीन मीटर रुंद, खोली वीतभर, उतार दोन टक्क्यांच्या आसपास. घासकापणीचं यंत्र वरून सरळ जाईल इतका सौम्य. शेतकरी बांधाच्या वरच्या अंगाला चर काढून डोंगराचं पाणी वळवतो तेच तंत्र. गाडीरस्त्यावर आडवी जाळीची गटार बसवून तिचं पाणी त्याच पाटात सोडलं. बंकरच्या काठाची माती थोडी उचलून गवताचा ओठ बाहेरच्या बाजूला उतरता केला. शिवाय दोन स्प्रिंकलर रोज पहाटे इमानेइतबारे बंकरमध्ये पाणी मारत होते, त्यांचे कोन बदलले.

मागच्या बंकरच्या बाबतीत मात्र पाट काढायला जागाच नव्हती. एका बाजूला ग्रीन, दुसरीकडे भरावाचा तुटका उतार. भराव अजून बसत होता, त्यामुळे पाइपचा उतार टिकण्याची खात्री नव्हती. शिवाय सुपरिंटेंडेंटच्या सांगण्यानुसार तिथे चेंडू क्वचितच जातो. मी तो बंकर बुजवून तिथे गवताची खोलगट घळ करायला सुचवलं. वाळू नाही, लायनर नाही, दंताळं नाही. कमिटीत यावर लायनरपेक्षा जास्त वेळ चर्चा झाली, कारण कोर्सच्या मूळ आराखड्यात बंकर तीन आहेत. शेवटी खर्चाने कौल दिला. निचऱ्याच्या कामात न बांधलेली गोष्ट कधी तुंबत नाही, हे मी तिथे बोललो नाही, पण मनात होतं.

वाळू आधी, लायनर नंतर

बहुतेक ठिकाणी लायनर ठरतं आणि मग मिळेल ती वाळू येते. क्रम उलटा हवा, कारण वाळूखाली कोणती खडी चालेल हे वाळू ठरवते आणि त्या खडीवरून लायनर ठरतं.

बंकरच्या वाळूसाठी अमेरिकेतल्या यूएसजीए या संघटनेची जी मार्गदर्शक चौकट आहे तिचा गाभा साधा आहे : बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असावेत आणि गाळ-चिकणमाती तीन टक्क्यांच्या आत. दोन मिलिमीटरहून मोठे खडे नकोत, कारण फटक्याबरोबर उडालेली वाळू ग्रीनवर पडते आणि सकाळी घास कापणाऱ्या यंत्राची पाती त्या खड्यांवर बोथट होतात.

पुण्यात हाताशी असलेला पहिला पर्याय क्रश सँड. बेसाल्ट फोडून केलेली, काळसर करडी, टोकदार कणांची. टोकदार असल्याने उतारावर छान टिकते. पण बांधकामाच्या भारतीय मानकात क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनहून बारीक भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते. काँक्रीटला ती सोसते. आम्ही आणलेल्या नमुन्यात ती दहाच्या वर निघाली. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी वर बोटभर राखाडी साका बसलेला. तीच भुकटी पावसात वाळूवर पापुद्रा धरते आणि खडीत उतरून चर बंद करते. धुतलेली क्रश सँड मिळते, पण एका हायवाचा माल दुसऱ्याशी जुळेल याची हमी कुणी देईना. शिवाय काळी वाळू दुपारच्या उन्हात तापते आणि हिरवळीत डांबर ओतल्यासारखी दिसते, ही सुपरिंटेंडेंटची तक्रार मला पटली.

नदीच्या वाळूचा विषय लवकर संपला. उपशावरचे निर्बंध, पुरवठ्याची अनिश्चिती, आणि मिळाली तरी तिच्यातले गोटे-शिंपले.

तिसरी सिलिका वाळू. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे-पियाळी पट्ट्यातून ती निघते आणि मुख्यतः काच आणि ओतकामाच्या कारखान्यांना जाते, त्यामुळे धुऊन आणि चाळून प्रतवारी केलेली मिळते. घाट चढून यायचं भाडं आहेच, पण प्रत्येक खेपेची चाळणी जुळली. दोष एकच : कण काहीसे गोलसर. गोल कण उतारावर घसरतात, आणि वरून पडणारा चेंडू त्यात अर्धा रुततो. खेळाडू ज्याला तळलेलं अंडं म्हणतात तशी अवस्था. हे मोजायला साधं हातातलं पेनेट्रोमीटर वापरतात. आकडा दर चौरस सेंटिमीटरला २.४ किलोच्या वर असला तर चेंडू क्वचित रुततो, १.८ च्या खाली गेला तर हमखास. आमच्या नमुन्याचा आकडा या दोहोंच्या मध्ये, मोठ्याकडे झुकलेला आला. सिलिका ठरली. वरच्या बंकरचा चेहरा, म्हणजे त्याची तिरकी बाजू, मात्र तिला झेपेल इतका सौम्य करायचा, ही अट घालून.

आता खडी. ग्रीनखालच्या थरांसाठी एक नियम वापरतात आणि बंकरलाही तो लागू पडतो. वाळूचे ८५ टक्के कण ज्या मापाहून बारीक आहेत ते माप घ्यायचं, त्याला आठने गुणायचं. खडीतले सर्वात बारीक १५ टक्के या आकड्याच्या आत बसले पाहिजेत. तसं असेल तर वाळूचे कण एकमेकांना अडकून खडीच्या तोंडावर पूल बांधतात आणि खाली सांडत नाहीत. आमच्या वाळूचं ते माप ०.८ मिलिमीटर. आठने गुणून ६.४. म्हणजे ६ ते १० मिलिमीटरची कच खडी काठावर पास, आणि ठेकेदाराने आधीच आणून टाकलेली १२ मिलिमीटरची खडी साफ नापास. ठेकेदार म्हणाला, "साहेब, मोठी खडी म्हणजे निचरा जास्त." सगळ्यांना असंच वाटतं. मोठ्या खडीत पहिल्या वर्षी निचरा जास्त आणि तिसऱ्या वर्षी वाळूच खडीत.

इथे आणखी एक गोष्ट लोकांना पटवायला वेळ लागतो. बारीक वाळूखाली जाड खडी असली की पाणी लगेच खडीत उतरत नाही. वाळूच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि तळाची पट्टी जवळजवळ संपृक्त झाल्यावरच थेंब खाली पडायला लागतात. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा; पुन्हा पाणी गळेल. सपाट तळावरची वाळू आडव्या स्पंजासारखी, खालून ओली. उतारावरची उभ्या स्पंजासारखी, लवकर कोरडी. म्हणून तळाशी वाळूचा थर पाच इंचांपर्यंत हवा, म्हणजे ओली पट्टी खाली राहते आणि पायाखालचं अंग कोरडं. वाळूत पैसे वाचवायला तिथे दोन-तीन इंच टाकले तर सगळा निचरा नीट असूनही बंकर ओलाच दिसतो. खालच्या बंकरला पाच इंची थरासाठी सुमारे साडेपाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू लागली.

लायनर : तीन पर्याय, दोन जमिनी

जाड कापड हा पहिला पर्याय. जुन्या पातळ कापडापेक्षा वाळू धरून ठेवणाऱ्या उभ्या तंतूंचं जाड कापड बरंच बरं असतं, आणि आपल्याकडे बंकरवर दंताळं हातानेच ओढलं जात असल्याने यंत्राने कापड फाटण्याचा धोकाही कमी. खिळे मात्र वर्षा-दोन वर्षांत वर येतात. आणि काळ्या मातीवर कापड म्हणजे पुन्हा तोच लेप. खालच्या बंकरसाठी ते बाद.

दुसरा पर्याय खडीवर पॉलिमर. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबचे माजी सुपरिंटेंडेंट बिली फुलर यांनी बंकरच्या सगळ्या तळावर खडीचा थर आणि त्यावर कापड अशी पद्धत रूढ केली. पुढे त्यातलं कापड काढून खडीवर पॉलिमर फवारण्याची सुधारणा आली आणि ती बेटर बिली बंकर या नावाने जगभर गेली. दोन इंच खडी, पॉलिमरने कण एकमेकांना चिकटलेले, पोकळ्या मोकळ्या. पाणी बंकरच्या कुठल्याही बिंदूवर सरळ खाली जातं, वाळूवरून वाहत चरापर्यंत यावं लागत नाही. लायनरांपैकी वाळू वाहून जाण्यावर सगळ्यात जास्त उपयोग याचाच. थर थोडा लवचिक राहतो.

तिसरा, सच्छिद्र काँक्रीट. स्वीडनच्या मार्टिन स्टर्नबर्ग यांचं कॅपिलरी काँक्रीट या जातीचं. त्यात पोकळ्या अशा ठेवलेल्या असतात की पाणी खालीही जातं आणि कोरड्या दिवसांत ओल वरही खेचली जाते, असा निर्मात्यांचा दावा. याचा गावठी भाऊ म्हणजे बिनवाळूचं काँक्रीट, आपल्या मिस्त्रींना येणारं : सिमेंट, खडी आणि मोजकं पाणी.

कर्नलसाहेबांचा कल दुसऱ्याकडे, खजिनदारांचा तिसऱ्याच्या गावठी भावाकडे. दोघांचंही बरोबर निघालं, कारण जमिनी दोन होत्या.

वरच्या बंकरखाली घट्ट मुरूम. तो पावसात फुगत नाही, उन्हात भेगाळत नाही. तिथे तीन इंच बिनवाळूचं काँक्रीट टाकलं. एकाला सहा प्रमाण, तीच ६ ते १० मिलिमीटरची धुतलेली कच. पाण्याची परीक्षा मुठीत : माल दाबल्यावर गोळा राहिला पाहिजे, हात ओलसर चमकला पाहिजे, पण बोटांतून सिमेंटचं पाणी गळता कामा नये. मिस्त्रींना आवरणं हेच मोठं काम होतं. हातात थापी असलेला माणूस पृष्ठभाग घोटल्याशिवाय राहत नाही, आणि घोटलं की पोकळ्या बुजल्या. दोन-तीन चौरस मीटर उखडून पुन्हा करावं लागलं. मग प्लॅस्टिक अंथरून सात दिवस ओल राखली आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिलं. कडक तळाचा धोकाही आहेच : वाळू पातळ झाली तर खेळाडूची काठी काँक्रीटवर आपटते आणि मनगट दुखावतं. म्हणून तिथे वाळूची खोली सळईने तपासायची नोंदवही सुरू केली.

खालच्या बंकरमध्ये हेच काँक्रीट टाकलं असतं तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकलं असतं. काळी माती भिजली की फुगते, सुकली की हातभर खोल भेगा पडतात. पुण्यात घराचा पाया घालणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. उपायही तोच पायाचा : फूटभर काळी माती काढली, दोन थरांत मुरूम भरून धुम्मसने ठोकला. त्यावर दोन इंच खडी आणि बाहेरून मागवलेलं पॉलिमर. बारीकसारीक हालचाल तो थर सोसतो. पॉलिमरला खडी पूर्ण कोरडी लागते, त्यामुळे हे काम फेब्रुवारीतच उरकलं. क्रशरवरून धुऊन आलेली खडीही आम्ही जागेवर पुन्हा धुतली आणि ताडपत्रीवर उन्हात पसरली; त्यावरून पहिले दोन दिवस सगळे हसत होते.

पाइपचं काम थोडक्यात. नालीदारऐवजी ११० मिलिमीटरचा शेतीचा पीव्हीसी पाइप, खालच्या अंगाला पाच मिलिमीटरची भोकं पाडून. भोक खडीहून लहान, म्हणजे खोळीची गरजच नाही. मधला मुख्य चर आणि त्याला माशाच्या काट्यासारखे तिरके फाटे, तीन-साडेतीन मीटर अंतराने. उतार दीड टक्का, आणि चर बुजवण्याआधी पाइपात पाणी सोडून ते तळ्याशी बाहेर पडताना सगळ्यांनी डोळ्यांनी पाहायचं. वरच्या टोकाला झाकणाचं उभं तोंड, पाण्याच्या फवाऱ्याने आतून धुता यावं म्हणून. खालचं तोंड दगडी बांधणीत, गवताच्या पातळीच्या वर.

पहिला पावसाळा

मेअखेरच्या वळवात वरच्या बंकरची वाळू एका कोपऱ्यात सोडून जागेवर राहिली. तो कोपरा सर्वात तिरका होता. ग्रीनला अगदी लागून असल्याने तिथला चेहरा पुरेसा उतरवता आला नव्हता. तिथे अजूनही मोठ्या सरीनंतर एक माणूस लागतो. जुलैत खालचा बंकर रिपरिपीतही खेळण्याजोगा राहिला. पाऊस थांबला की थोड्याच वेळात पायाखालची वाळू घट्ट. गाडीरस्त्याचं पाणी पाटातून तळ्यात जाताना मामांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

ऑगस्टमध्ये मात्र खालच्या बंकरच्या कडेने पुन्हा काळे ओघळ दिसले. लायनर गवताच्या ओठाच्या चार बोटं खाली थांबलं होतं आणि माळी फावड्याने कडा छाटताना निघालेली ढेकळं वाळूतच पडत होती. लायनर कडेपर्यंत चढवून घेतलं आणि कडा छाटताना खाली गोणपाट अंथरायचं ठरलं. बंकर मातीने खराब होण्याचं निम्मं कारण ही कडाच असते. लायनरच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख एका ओळीत असतो, आणि तीही बारीक अक्षरात.

उन्हाळ्यात दुसरं टोक दिसलं. मार्चमध्ये उतारावरची सिलिका इतकी कोरडी झाली की पेनेट्रोमीटरचा आकडा उतरला आणि चेंडू रुतू लागले. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हलका पाण्याचा हात मारला की काम भागतं. तांबूसपणाची तक्रार तेवढ्यापुरती मिटली आहे. मागच्या घळीबद्दल कर्नलसाहेबांचं म्हणणं, ती फार सोपी झाली. सुपरिंटेंडेंटने तिथलं गवत बोटभर वाढवून दिलं आहे.

कमिटीला आता उरलेल्या ग्रीनवरही हेच करायचं आहे आणि पॉलिमरचं एकगठ्ठा दरपत्रक मागवायचं त्यांच्या मनात होतं. मी पाठवलेल्या अंदाजपत्रकात पहिल्या रकान्यात प्रत्येक ग्रीनच्या वरच्या अंगाचं पाणी कुठे वळवायचं ते आहे, दुसऱ्यात पाइपचं तोंड कुठे काढायचं ते. लायनरचा रकाना कोरा आहे. खड्डे दिवाळीनंतर खणायचे, मुरूम लागतो की काळी माती ते पाहून तो भरायचा. वाळूची ऑर्डर तोवर थांबवली आहे.